कोणतेही कारण न देता

वर्तमानपत्रातली जाहीर निविदा सूचना शेवटपर्यंत वाचू नये. एक तर भिंगाशिवाय ती वाचता येत नाही आणि वाचता आली तर निविदा भरवत नाही. काम कुठलं, रक्कम किती, बयाणा किती, हे सगळं झाल्यावर तळाला एक ओळ असते: ‘कोणतेही कारण न देता एक किंवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे.’ वरची सगळी सूचना ही या ओळीची प्रस्तावना असते.

आमचे एक कंत्राटदार स्नेही ही ओळ वाचत नाहीत. ते डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलला हळदकुंकू वाहतात, कोऱ्या निविदेचं परत न मिळणारं शुल्क भरतात, तांत्रिक आणि वित्तीय असे दोन लिफाफे महाटेंडर या सरकारी पोर्टलवर चढवतात आणि देवावर हवाला ठेवतात. मागे एका कामात ते एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, ठरले. पेढे वाटले. कार्यारंभ आदेशाऐवजी एका ओळीचं पत्र आलं: ‘प्रशासकीय कारणास्तव निविदा रद्द.’ पेढ्यांचा खर्चही परत न मिळणाराच. ते तडक हायकोर्टात निघाले, तेव्हा आम्ही त्यांना बसवून धारावीची गोष्ट सांगितली.

२०१८च्या अखेरीस धारावी पुनर्विकासाची निविदा निघाली. अमिरातीतल्या सेकलिंक कंपनीची ७,२०० कोटींची बोली सर्वांत वरची ठरली. २०२० मध्ये निविदा रद्द झाली. कारण, रेल्वेची सुमारे ४५ एकर जमीन प्रकल्पात आली. धारावीच्या एका अंगाला माहीम, दुसऱ्या अंगाला सायन. दोन्हीकडून दीडशेहून अधिक वर्षं गाड्या धावताहेत. जमिनीचा व्यवहार मात्र बोली उघडल्यावर रुळावर आला.

२०२२ मध्ये नव्या अटींची फेरनिविदा निघाली. तीत अदानींची ५,०६९ कोटींची बोली पहिली आली. सेकलिंक कोर्टात होतीच. दोन निविदांच्या मधल्या काळात परिस्थिती कशी पालटली हे सांगताना सरकारने करोना, रशिया–युक्रेन युद्ध आणि डॉलरचा भाव असे दाखले दिले. तोफ युक्रेनमध्ये उडाली आणि तडा धारावीच्या कुंभारवाड्यातल्या माठाला गेला. कारण न देण्याचा अधिकार राखून ठेवणारं सरकार एकदा कारणं द्यायला बसलं की असा सढळ हात सोडतं.

२० डिसेंबर २०२४ रोजी हायकोर्टाने याचिका फेटाळली. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोटीस काढली, पण कामाला स्थगिती दिली नाही. सेकलिंक तोवर बोली २० टक्क्यांनी वाढवून ८,६४० कोटींवर आली होती. पहिली बोली उघडली तेव्हा पहिलीत असलेलं धारावीतलं पोर एव्हाना आठवीच्या उंबरठ्यावर पोचलं होतं.

‘‘म्हणजे कोर्टात काही दम नाही?’’ स्नेह्यांनी विचारलं.

तसंही नाही. कायदा दोन गोष्टी सांगतो. बोली पहिली आली म्हणून कंत्राटावर हक्क सांगता येत नाही. आणि सरकारला मनमानी करता येत नाही. या दोन वाक्यांमधला भूखंड वकिलांच्या मालकीचा आहे आणि तिथला पुनर्विकास कधी रखडत नाही. कोलकात्यात दोन भुयारी मार्गांच्या देखभालीचं कंत्राट ‘निविदेत तांत्रिक दोष’ म्हणून रद्द झालं होतं. कोर्टाने फाइल पाहिली, तर दोषाची दोरी मंत्र्यांच्या हातात दिसली. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द करणंच रद्द केलं.

आणि आपल्या सांताक्रूझच्या विमानतळावरचं उपाहारगृह? नोंदणीकृत हॉटेलवाल्यालाच काम द्यायची अट सरकारी प्राधिकरणाने स्वतः घातली आणि ती न पाळणाऱ्यालाच काम दिलं. स्वतःच घातलेल्या अटी सरकारला मोडता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये ठणकावलं. तो निकाल आजही पाठ केला जातो. पण याचिकेला उशीर झालेला, उपाहारगृहावर खर्च होऊन गेलेला, म्हणून कंत्राट जिथे होतं तिथेच राहिलं. तत्त्व जिंकलं, वडे दुसऱ्याने तळले.

स्नेही विचारात पडले. मग त्यांनी व्यवहाराला धरून तीन वकिलांकडून फीचे दर मागवले. सर्वांत कमी दर एका तरुण वकीलसाहेबांचा आला. त्यांनी रात्र जागून याचिकेचा मसुदाही तयार केला. सकाळी त्याच कामाची फेरनिविदा निघाली. स्नेह्यांनी डोंगलला पुन्हा कुंकू लावलं आणि वकीलसाहेबांना निरोप धाडला: ‘कोणतेही कारण न देता सर्व दर नाकारण्यात येत आहेत.’

वकीलसाहेब आता कोर्टात जाणार आहेत म्हणे.