बाकी किती उरली?

गणिताच्या तासाला पोटात दुखणारं पोर मोदक मोजताना मात्र कधी चुकत नाही. प्राथमिक शाळेतल्या बाईंना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून श्रावण लागला की फळ्यावरची उदाहरणं सणाचे कपडे घालून येतात. वर्षभर पेन्सिली वाटणारा रामू गायब होतो आणि ‘आजीने २१ मोदक केले, घरात ७ माणसं’ सुरू होतं.

उत्तर प्रत्येकी तीन. पण पेन्सिलींच्या बाबतीत जे प्रश्न कुणाला पडत नाहीत ते इथे पडतात. नैवेद्याचे वेगळे काढले का? बाबांना डायबेटीस आहे, त्यांचे तीन कुणाला? बाकी शून्य यावी म्हणून बाईंनी आकडे जुळवलेले असतात आणि वर्ग तीन मोदकांवरून हातघाईवर येतो.

त्या २१नेही महाराष्ट्राला बराच घाम फोडला आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि टिंगल थेट विधानसभेपर्यंत गेली. आधी एक बोलायचं आणि आधी दोन लिहायचं यात मुलं गोंधळतात, असं गणित समितीच्या मंगला नारळीकर सांगत राहिल्या. म्हणणं रास्त होतं. पण ‘वीसेक मोदक’ ऐकलेली आजी एखादा कमीच करणार, त्याला कोण काय करणार?

दिवस मोजायला घेतले की आणखी मजा. दहा दिवसांचा गणपती चतुर्थीला येतो, चतुर्दशीला जातो. चौदातून चार गेले, दहा. झकास! मग कुणीतरी कॅलेंडर काढतं. २०२५मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले आणि ६ सप्टेंबरला गेले. बोटांनी मोजा, अकरा भरतात. वजाबाकी मधलं अंतर सांगते, बोटं दोन्ही टोकं धरून मोजतात. कुंपणाच्या खांबांचं हे जुनं कोडं तिसरीतल्या पोरांना आरतीच्या संख्येवरून चटकन कळतं. दीड दिवसाच्या गणपतीला तर दोन तारखा लागतात, त्यामुळे अपूर्णांकही आयता दारात येतो.

खरा खजिना मात्र दिवाळीतल्या ठिपक्यांच्या रांगोळीत आहे. ‘७ ते ४’ म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, मग दोन्ही अंगांना एकेक कमी करत चारपर्यंत. एकूण किती? सगळे मोजू लागतात, निम्मे मध्येच विसरतात. एखादी पोरगी मात्र हळूच म्हणते, वरची बाजू खालच्यासारखीच आहे. चार, पाच, सहा मिळून पंधरा, त्याची दुप्पट तीस, मधले सात, सदतीस. आता ‘१५ ते ८’ सांगा. आठ ते चौदाची बेरीज ७७, दुप्पट १५४, त्यात पंधरा, झाले १६९. म्हणजे तेरा तेरे! सहा कोपऱ्यांच्या रांगोळीतून चौरस संख्या निघते आणि हे बघायला ना प्रोजेक्टर लागतो, ना ‘कृतियुक्त अध्ययना’चा अहवाल. अहवाल अर्थातच तरीही लिहावा लागतो, फोटोंसकट.

पूर्वी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे वर्गात घोकून घेत. १९५७मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर, आणि ती पाठांतरं सुटली. सव्वा आता सत्यनारायणाच्या रव्यापुरता उरला.

संक्रांतीला भागाकार. एक किलो तीळ, एक किलो चिक्कीचा गूळ, लाडू झाले ९०, मुलं ४०. प्रत्येकी दोन, बाकी दहा. बाई फळ्याकडे वळून बाकी लिहितात, मग ताळा करायला लावतात: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. मॉनिटर डबा उघडून मोजतो. आठ. ऐंशी आणि आठ, अठ्ठ्याऐंशी. बाई पुन्हा मोजायला सांगतात. पुन्हा आठच. ‘ताळा का जुळत नाही, कोण सांगेल?’ सगळे हात वर. मागच्या बाकावरच्या दोघांना तेवढं बोलता येत नाही, त्यांची तोंडं भरलेली आहेत.