अर्थवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक अर्थवाले काका असतात. बारशाचं आमंत्रण हातात पडलं की ते कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि विचारतात, "नाव छान आहे हो. अर्थ काय?"

आईबाबांचा घसा कोरडा पडतो. बिचाऱ्यांनी महिनोन्‌महिने मोबाइल चाळलेला असतो. नाव छोटं हवं, वर्गात दुसरं नको, परदेशात कुणाची जीभ अडखळायला नको आणि मूळ मात्र अस्सल संस्कृत. एवढ्या चाळण्यांतून आमच्याकडे 'आरव' गळून पडला.

"आरव म्हणजे शांत," बाळाचे बाबा म्हणाले.

काका वामन शिवराम आपट्यांचा कोश काखेत मारूनच आले होते. मूळ कोश १८९०चा. काकांच्या प्रतीची बांधणीही तेवढीच जुनी दिसते. "रव म्हणजे आवाज. आरव म्हणजे ओरडा, गलका. शांत हवा असेल तर तो नीरव." इतक्यात पाळण्यातून टाहो फुटला. काका खूश. "राहू द्या, शोभतंय!"

'अनय'चीही तीच गत. "अनय म्हणजे अनीती. शिवाय राधेचा नवरा. कृष्णाचं ठेवा की! ज्याच्या घरी घोटाळा झाला, त्याचं काय ठेवता?" 'रेयांश' ऐकून मात्र ते विरघळले. "अंश आपला, रे इंग्रजी किरणाचा दिसतो. आंतरजातीय आहे, पण लग्न लागलंय, आता मोडू नका."

काका हरले एकदाच. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर एक मूल जन्मलं आणि पत्रिकेत अक्षर निघालं 'ङ'. त्यावरून नाव शोधताना काका दोन दिवस धड जेवले नाहीत. (मुलाचं नाव शेवटी आत्यानं कबीर ठेवलं. अरबी! काका बारशाला घुगऱ्या न खाताच परतले.)

परवा आरवच्या आईनं डाव साधला. "काका, तुमचं नाव काय हो?"

"धोंडू."

"अर्थ?"

काकांनी कोश मिटला. "माझ्याआधीची तीन गेली. यमानं ढुंकून बघू नये म्हणून आजीनं धोंडा म्हटलं."

पुढच्या महिन्यात काकांना ८३ पूर्ण होतील.