सहीचं पेन

आमच्या अणदूरचा खंडोबा करारावर राहतो. परगावच्या माणसाला ही थट्टा वाटते, पण खरंच तसं आहे. देवळं दोन, एक आमच्याकडं आणि दुसरं नळदुर्गला मैलारपुरात. मूर्ती मात्र एकच. वर्षातले सुमारे दोन महिने देव तिकडं, उरलेला काळ इकडं. पौषी पौर्णिमेची यात्रा तिकडची, चंपाषष्ठी इकडची. आणि ही ने-आण तोंडी भरवशावर चालत नाही, दोन्ही गावांत त्याचा लेखी करार होतो. साक्षात देव समोर असताना कागद करून घेणारी आम्ही माणसं, बाकीच्या व्यवहाराला किती चोख असू ते ओळखावं.

करार आला की सही आली, सही आली की पेन आलं. आणि नोकरीभर लाल पेनानं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला मास्तर निवृत्त होऊन घरी बसला, की त्याच्या डोक्यात काहीही येतं. माझ्या डोक्यात आलं की या कराराला शोभेल असं शिसवी लाकडाचं जडावाचं पेन आपण करावं, स्वतःच्या हातानं, घरच्या घरी. असं पेन मला कुणी मागितलं नव्हतं. माझ्या आजवरच्या सगळ्या मोठ्या कामांबद्दल हेच म्हणता येईल.

सुरुवात मी वाचनानं केली. वाचनात धोका नसतो. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी इबोनाइटची पेनं हातानं कातून गांधीजींना पाठवली आणि 1935 साली गांधीजींनी पत्रातून त्यांचं कौतुक केलं, हे वाचून मी भारावलो. रत्नम मुळात सोनारकाम करणारे होते, हा तपशील मात्र मी घाईत ओलांडला.

आपल्याकडं हे काम कातारी करायचे. बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, रव्या, भोवरे. एकानं दोरी मागंपुढं ओढायची, लाकूड एकदा इकडं एकदा तिकडं गरगरायचं, दुसऱ्यानं पटाशी टेकवायची, तीही लाकूड आपल्याकडं फिरत असतानाच. ते उलटं फिरू लागलं की हात मागं. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून रंग आपोआप चढतो. दोरी ओढायला माझ्याकडं माणूस नव्हता. होती ती पत्नी, आणि तिनं विषय निघायच्या आधीच नकार कळवला होता.

म्हणून विजेवरचा लेथ करायचं ठरलं. विकतच्या लेथची किंमत सोलापुरात विचारून आलो आणि स्वावलंबनाचं महत्त्व पटलं. घरातली ड्रिल मशीन एका जाड फळीवर आडवी करून पट्ट्यांनी आवळली. समोरून लाकडाला टेकू द्यायला एक बोल्ट कानशीनं टोकदार करून बसवला. फळी भक्कम निघाली. ती शेवयांचा पाट आहे, हे उन्हाळ्यात घरात उच्चारवानं जाहीर झालं.

लाकडाचा प्रश्न माळ्यावर सुटला. आजोबांच्या बाजेचा एक पाय तिथं पडून होता. शिसवी, काळाभोर, आणि कुणा जुन्या कातार्‍यानं इतका देखणा कातलेला की हात फिरवत राहावं. मी तो करवतीनं चिरून त्याचे चौकोनी ठोकळे केले, पुन्हा कातण्यासाठी. आमचे शेजारचे मिस्तरी हे पाहत कुंपणापाशी उभे होते. ‘काय करायलाव ओ गुरुजी?’ म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी पायाच्या उरलेल्या तुकड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता बिडी पेटवली.

पेनाचं सुटं सामान कुरिअरनं मागवलं होतं. पितळी नळ्या, टोक, क्लिप, फिरकी. ठोकळ्यात 7 मिलीमीटरचं आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची आणि मग बाहेरून लाकूड कातायचं, एवढंच काम. आता माझी ड्रिल मशीन लेथ झाली होती, म्हणून भोक हाती गिरमिटानं पाडलं. गिरमिट ठोकळ्याच्या वरच्या बाजूनं बरोबर मधोमध आत शिरलं आणि कुशीतून बाहेर आलं. पुढच्या ठोकळ्यात ते कुठून बाहेर येईल याचा अंदाज बांधण्यात आमच्या गल्लीतली पोरं तरबेज झाली. अखेर एक सरळ भोक पडलं. त्यात नळीला फेव्हिक्विक लावून सारली, तर ती अर्ध्यात गेली आणि तिथंच कायमची मुक्कामाला राहिली. खरं तर हळू वाळणारा डिंक घ्यायचा असतो. ते मला कळलं तेव्हा माझं बोटही त्याच ठोकळ्याला चिकटलेलं होतं.

या सगळ्यात जडाव राहिलाच की, असं कुणी म्हणेल. जडावाचं वेड मला बिदरीनं लावलं. बिदर आमच्यापासून फार लांब नाही. जस्त-तांब्याच्या भांड्यावर खाचा कोरून त्यात चांदीची तार ठोकतात, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की धातू काळा पडतो आणि चांदी पांढरीच राहते. मला लाकडात तसं काही हवं होतं, म्हणून गाठीची नक्षी निवडली. ठोकळ्याला तिरका छेद द्यायचा, त्यात फिक्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवायची, ठोकळा पाव फिरवून पुन्हा छेद, असं चारी बाजूंनी. नंतर तो गोल कातला की चार लंबगोल कड्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. अट एकच. करवत जेवढं लाकूड खाते तेवढ्याच जाडीची पट्टी पाहिजे, नाहीतर तुकडे सरकतात आणि कड्या एकमेकींना भेटत नाहीत. मी आईस्क्रीमच्या काड्या वापरल्या. माझी करवत बारीक खाणारी, काड्या जाड. चार कड्यांपैकी दोन एकमेकींकडं पाठ करून बसल्या, एक अर्धीच दिसली आणि चौथी कुठं गेली ते अजून सापडलेलं नाही.

कातण्याची वेळ मी रात्रीची ठेवली होती, लोकांच्या नजरा टाळायला. पण आमच्याकडं शेतीपंपांना आठ तास वीज, ती कधी दिवसा, कधी रात्री. पंप चालू झाले की व्होल्टेज बसतं, आणि असल्या हाती मशीनचा वेग व्होल्टेजवर नाचतो. ठोकळा कण्हत कण्हत फिरत होता, मी पटाशी दाबून धरली होती, आणि शिवारातली वीज गेली. पंप थांबले. मशीननं जी उसळी घेतली, तीत पटाशी लाकडात रुतली आणि ठोकळा माझ्या कानाजवळून जाऊन शेवयांच्या डब्यावर आदळला. पत्नी आतून म्हणाली, ‘झालं का पेन?’

पुढं मी आधी साध्या बाभळीच्या भरीव तुकड्यांवर सराव केला, अर्थात काड्यांच्या नक्षीसकट, कारण नक्षीशिवाय मला करमेना. मधला भाग बरा जमायचा. टोकांकडं पटाशी घसरायची आणि दोन्ही टोकं निमुळती व्हायची. असले नमुने ओसरीवर टोपलीत साठत गेले.

पेन अखेर झालं, हे सांगायलाच हवं. जिथं फटी राहिल्या तिथं मी हळद भरून वर फेव्हिक्विक सोडलं. खंडोबाच्या गावात सोनेरी जडावाला भंडाऱ्याहून स्वस्त काय असणार! फट छान पिवळी झाली. मग हात साबणानं धुतले आणि दोन्ही पंजे लालभडक. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. दारात आलेल्या पाहुण्यांना मात्र मी कुणाचा तरी खून करून आलोय असं वाटलं. शिवाय भोक थोडं कडेला गेल्यानं घासता घासता एका बाजूला लाकूड संपलं आणि आतली पितळी नळी चमकू लागली. पाहुण्यांनी पेन हातात घेऊन नेमकं तेवढंच वाखाणलं. म्हणाले, ‘हे सोन्याचं काम मस्त उतरलंय.’ मी नम्रपणे मान खाली घातली.

अडचण एकच उरली. त्या सामानात बसणारी रिफिल परदेशी धाटणीची, मानेला पेच असलेली. आपल्या दुकानांतली एकही त्यात जात नाही. सोबत आलेली एकुलती एक रिफिल मी सहीच्या सरावात संपवली होती. मार्गशीर्षात झब्ब्याला ते पेन लावून देवळात गेलो, भंडारा अंगावर घेतला, पालखी नळदुर्गच्या वाटेला लागताना पाहिली. पेन कुणी मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काय केलं असतं याचा विचार करत घरी आलो, तर ओसरीवरची टोपली रिकामी.

गल्लीत विटीदांडूचा डाव रंगला होता. बाभळीची, बोटभर जाडीची, दोन्ही टोकांना बेतशीर निमुळती विटी दांडूच्या टोल्यासरशी सणसणत मिस्तरींच्या पत्र्यावर गेली. मिस्तरी बाहेर आले, विटी उचलून उजेडात फिरवून पाहिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसले. एवढ्यात एक पोरगं पळत आलं.

‘गुरुजी, अजून करा की! पण मध्ये त्या आईस्क्रीमच्या काड्या नका घालू. तिथंच तुटायल्यात.’