सहापैकी दोन

स्टुटगार्ट,
12 जून 2026

ती. आबा आणि ती. सौ. आईस,


परवा फोनवर चिऊनं "आजोबा, मला गणितात दोन मिळाले" असं आनंदानं सांगितलं आणि तुम्ही गप्प झालात. मग हळूच विचारलंत, "कितीपैकी?" ती म्हणाली, "सहापैकी." त्यावर तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात. तुम्ही मनातल्या मनात टक्के काढले असणार. तेहतीस आणि वर काहीतरी, म्हणजे पस्तिसाच्या आत, म्हणजे नापास. रात्री आईचा निरोप आलाच : पोरीला शिकवणी लाव, पैशाकडे बघू नकोस.

तर आबा, इथं गुणांचा हिशेब उलटा असतो. एक म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगलं, चार म्हणजे ओढूनताणून पास आणि सहा म्हणजे कारभार आटोपला. तेव्हा चिऊचे दोन म्हणजे पेढे वाटायचे नसले तरी चहाबरोबर एखादं बिस्कीट जास्त घ्यावं इतपत चांगले आहेत. पारावर कुणाजवळ बोलला असाल तर दुरुस्ती करून या. आणि एक विनंती. पुढच्या वेळी तिला "एक का नाही मिळाला?" असं विचारू नका. मला बहात्तर मिळाले तेव्हा "बाकीचे अठ्ठावीस कुठं सांडले?" म्हणून तुम्ही विचारलं होतंत. ते अजून सापडलेले नाहीत.

दुसरी काळजी आईची. "तिसरीतली पोर एकटी शाळेत जाते?" होय आई, जाते. पावसात जाते, बर्फातही जाते. स्टुटगार्ट सगळं चढउतारांवर वसलेलं, शहरात पायऱ्यांच्या चारशेहून जास्त वाटा आहेत. आमचं घर वर, शाळा खाली. पहिलीच्या सुरुवातीलाच पालकसभेत हे सगळं ठरलं. या सभेला आईबापांनी पोरांच्याच खुर्च्यांवर बसायचं असतं. गुडघे कानाला लागलेल्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो, हे बाईंना बरोबर माहीत असावं. त्यांनी सांगितलं, मुलांना गाडीनं सोडू नका, वर्गापर्यंत येऊ नका, दप्तर उचलू नका. शिवाय नकाशा दिला : कुठल्या अंगानं चालायचं, रस्ता कुठं ओलांडायचा. ओलांडायच्या जागी फुटपाथवर पिवळी पावलं काढलेली आहेत. आई, गौरी आणताना तू काढतेस ना, थेट तशीच. फक्त ही घराबाहेर जाणारी.

शाळेच्या वाटेवर पोरांना सरकारी अपघात विमाही आहे, 1971 सालापासून. मात्र वाट सरळ धरावी अशी अपेक्षा आहे. चिऊची वाट सरळ नसते. पाऊस पडून गेला की पायऱ्यांवर गोगलगायी निघतात आणि त्यातली प्रत्येक उचलून कडेला ठेवल्याशिवाय बाईसाहेब पुढं सरकत नाहीत. गोगलगायींबाबत विम्याचं काय धोरण आहे ते मी विचारलेलं नाही. विचारलं तर फॉर्म भरावा लागेल.

सुरुवातीला मी मागून जायचो. अंतर ठेवून, खांबाच्या, झाडाच्या, कचऱ्याच्या डब्यांच्या आडोशानं. समोरच्या आजी खिडकीत उशी टाकून त्यावर कोपरं टेकून बसतात. गल्लीचं सगळं दफ्तर त्यांच्याकडे. एका सकाळी त्यांनी वरूनच सांगितलं, "मुलगी पोचली. आता तुम्ही घरी जा." संध्याकाळी चिऊ म्हणाली, "बाबा, तू खांबाच्या मागं लपतोस, पण तू खांबापेक्षा जाड आहेस."

यावरून मला तुमची आठवण आली, आबा. तुम्ही मला शाळेत सोडायला कधी आलात? मी चौथीत असताना बाजारात मास्तर भेटले, तेव्हा तुम्ही त्यांना "आमचा तिसरीत कसा काय करतोय?" असं विचारलं होतंत. मी शेजारीच उभा होतो. ओढा ओलांडून, आमराईतनं कैऱ्या पाडत, चावरं कुत्रं टाळत आम्ही जायचो आणि कधी यायचो ते घरात कुणाला ठाऊक नसायचं. पोरांना आपलं आपण करू द्यावं, हे जे तुम्ही निव्वळ दुर्लक्षानं साधलंत, त्यासाठी इथं सभा आहे, पत्रक आहे, नकाशा आहे, विमा आहे. फळ एकच. पण तुमच्याकडे कागद नव्हता, म्हणून तुमचं नाव झालं नाही.

पोहण्याचंच बघा. इथं लहान मुलांची पहिली परीक्षा असते, तिचं नाव 'झेपफर्टशन', म्हणजे समुद्रघोडा. काठावरून उडी मारायची, पंचवीस मीटर पोहायचं, खांद्याएवढ्या पाण्यात बुडी मारून तळातली वस्तू वर आणायची. पाण्याजवळ कसं वागायचं याचे नियमही यावे लागतात. मग प्रमाणपत्र आणि केशरी समुद्रघोड्याचा कापडी बिल्ला मिळतो, तो पोहण्याच्या कपड्यावर शिवायचा. चिऊच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांनी तो बालवाडीतच मिळवलेला. चिऊचा आता झाला. तुमच्या सूनबाईंनी तो रात्री शिवला. पहिल्यांदा वाकडा लागला म्हणून उसवून परत शिवला. लग्नातल्या शालूला फॉल लावतानाही तिनं इतका जीव टाकला नव्हता.

बिल्ला मिळाल्यावर चिऊनं मला नीट न्याहाळून विचारलं, "बाबा, तुझा कुठंय?"

आता हिला काय सांगावं? माझा अभ्यासक्रम असा होता : धाकट्या काकांनी पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधला आणि मळ्यातल्या विहिरीत ढकललं. काठावर भाऊबंद बसलेले, त्यातला एक शेंगा खात होता. दुसऱ्या दिवशी डबा सोडला आणि परत ढकललं. सुट्टी संपेपर्यंत मी मोटेच्या थारोळ्यावरून मुटका मारत होतो. तोंडी परीक्षा नाही, लेखी परीक्षा नाही, नापास होण्याचा अर्थ मात्र सगळ्यांना स्पष्ट होता. हे सगळं मी तिला रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काकाआजोबांकडे जीवरक्षकाचा दाखला होता का?"

मग मी तलावावर गेलो आणि आपला घराण्यातला मुटका मारून दाखवला. पाणी पार बाकांपर्यंत उडालं. तीन पोरांनी टाळ्या वाजवल्या. देखरेखीच्या माणसानं शिट्टी वाजवली आणि बोटानं भिंतीवरची पाटी दाखवली. पाटीवर मुटका मारणाऱ्या माणसाचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. इथल्या पोरांच्यात मुटका फार लोकप्रिय आहे आणि काही तलावांवर चालतोही, पण तो योग्य तलावावर, योग्य वेळी. चिऊ तेवढा वेळ दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर उभी होती.

सध्या मी ब्राँझच्या बिल्ल्याची तयारी करतोय. त्याला वयाची अट नाही. पंधरा मिनिटं पोहायचं आणि त्या वेळात निदान दोनशे मीटर कापायचे, दोन मीटर खोल बुडी मारून वस्तू आणायची, एक मीटर उंचीवरून उडी मारायची, नियम सांगायचे. पोहण्याचं काही वाटत नाही. नियमांची उजळणी चिऊ घेते, जेवताना. परीक्षेच्या रांगेत माझ्या पुढंमागं तिच्याच वयाची मंडळी असतील, तेव्हा कृपा करून फोटो मागू नका.

आई विचारते, पोर खेळते कुणाबरोबर? भरपूर मैत्रिणी आहेत, फक्त खेळायला वेळ घ्यावी लागते. "जा, बाहेर कोण आहे बघ" हे वाक्य इथं चालत नाही. मी एका मैत्रिणीच्या आईला शनिवारसाठी विचारलं तर त्यांनी डायरी काढली आणि पुढच्या महिन्यातला मंगळवार दिला, तीन ते सहा. मंगळवारी तीनला मुलगी दारात हजर, हातात घरात घालायच्या सपाता. सहाला तिची आई हजर. मधल्या तीन तासांत सूनबाईंनी पोहे, शिरा आणि चकल्या काढल्या. मुलीनं पोहे नको म्हटलं आणि ते खरोखरच 'नको' होतं. आपल्याकडचं 'नको' तीनदा झाल्याशिवाय खरं नसतं, त्यामुळे सूनबाई दुसऱ्या आणि तिसऱ्या 'नको'ची वाट बघत वाढत राहिल्या. शेवटी त्या पोरीनं नुसता वरणभात तूप घालून दोनदा घेतला. आता तीच डायरीतल्या तारखा मागते.

चिऊ अंगानं आपलीच आहे, पण नियमांच्या बाबतीत ती पुरती स्वाबियन, म्हणजे इथल्या मुलखातली, झालीय. आमच्या इमारतीत जिन्याच्या सफाईची पाळी असते. आपली पाळी आली की दाराला पाटी लटकते. ती पाटी लागली की चिऊ मला हातात फडकं देते आणि समोरच्या आजींना ऐकू जाईल अशा आवाजात वरपासून कुठं कुठं पुसायचं ते सांगते. रात्री साडेनऊला निर्मनुष्य चौकात लाल दिवा असला तरी आम्ही उभे राहतो. एकदा मी पाऊल उचललं तर ती म्हणाली, "बाबा, लहान मुलं बघताहेत." आजूबाजूला एकही लहान मूल नव्हतं. ती स्वतःबद्दल बोलत होती.

आबा, तुम्हाला तिची एक सवय आवडेल. इथं पाण्याच्या, सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की ती परत मिळते. बाटल्यांचं खातं चिऊकडे आहे. पाहुणे आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, हातातल्या बाटलीकडे बघते. मागच्या आठवड्यात माझ्या साहेबांची बाटली अर्धी असतानाच शेजारी पिशवी घेऊन उभी राहिली.

आता मुख्य विषय, जो फोनवर काढायला मी टाळत होतो. यंदा गणपतीला आम्हाला येता येणार नाही. दोष अधिक महिन्याचा आहे. अधिक ज्येष्ठामुळं चतुर्थी ढकलली गेली ती थेट 14 सप्टेंबरवर. (सासूबाईंचे तेहतीस अनारसेही आम्ही लांब असल्यानं बुडाले, ते दुःख वेगळं.) आमच्या राज्यातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी 30 जुलैला लागते आणि 12 सप्टेंबरला संपते. म्हणजे ज्या सोमवारी तुमच्याकडे बाप्पा पाटावर बसणार, त्याच सोमवारी चिऊ चौथीच्या वर्गात बसणार. मागच्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती, तेव्हा सगळं कसं बरोबर जुळलं होतं.

"दोन आठवडे शाळा बुडाली तर काय आभाळ कोसळतं?" हा तुमचा प्रश्न मला पाठ आहे. इथं शाळा सक्तीची आहे, म्हणजे खरोखर सक्तीची. परवानगीशिवाय सुट्टीला जोडून पोर नेलं तर आईबापांना दंड होतो. शेजारच्या बव्हेरियात 2018 साली सुट्टीच्या तोंडावर पोलिसांनी विमानतळावरच शाळकरी पोरांच्या घरच्यांना गाठलं होतं. आपल्या सणासाठी एखाद्या दिवसाची रजा अर्ज करून मागता येते, पण एका दिवसात सांगलीला जाऊन आरती करून परत येणं विमानाला जमत नाही. आणि "आजारी आहे म्हणून कळव" हा आईचा उपाय तर मुळीच चालणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी मागतात म्हणून नव्हे. सोमवारी सकाळी वर्गात गोल बसून प्रत्येकानं सुट्टीत काय केलं ते सांगायचं असतं. चिऊ तिथं मोदक किती खाल्ले, विसर्जनाला किती नाचली आणि बाबानं शाळेला काय कळवलं होतं, हे सगळं क्रमानं सांगेल.

म्हणून आम्ही 31 जुलैला निघतो, 11 सप्टेंबरला परतीचं विमान. नागपंचमी, राखी, गोकुळाष्टमी सगळं तिथंच करू. बाप्पाच्या आरतीला फोन पाटाजवळ नीट टेकवून ठेवा. मागं एकदा फोनवरून आरती बघितली तेव्हा पूर्ण वेळ आम्हाला फक्त निरांजन आणि कुणाचा तरी कान दिसत होता.

ऑगस्टात विहीर तुडुंब असेल. चिऊ बिल्ल्यासकट येतेय आणि तिला तिथं पोहायचंय. धाकट्या काकांना आजच सांगून ठेवा की तिला ढकलायचं नाही, ती आपणहून उडी मारेल. काठाला दोर बांधून ठेवा आणि जीवरक्षक कोण असं तिनं विचारलं, तर काकांनी लगेच हात वर करावा. शेंगा खाली ठेवून.

तुमचा,
बाळ