लाखाच्या यंत्राचं सोंग

कोन गावच्या घरी पुतण्याने नवा संगणक आणला. 16 जीबी रॅम, आत रंगीत दिवे. गणपतीच्या आराशीने लाजावं. म्हटलं, यावर ‘डूम’ लाव. 1993 चा खेळ, 4 एमबी रॅमवर चालायचा. याच्या तर हातचा मळ!

यंत्राने साफ हात वर केले. म्हणे, 64 बिटी विंडोज डॉसचे प्रोग्राम चालवतच नाही. मग ‘डॉसबॉक्स’ बसवलं. ते काय करतं? लाखाच्या यंत्राला जुन्यापान्या 486 संगणकाचं सोंग घ्यायला लावतं. खेळ फार पळू लागला तर कंट्रोल आणि एफ 11 दाबून वेग आणखी उतरवायचा. पळस्पे फाट्याच्या कोंडीत आमची गाडी हे काम बटणाशिवाय करते.

तसं, कर्त्यांनी 1997 मध्ये डूमचा सोर्स कोडच खुला केला, म्हणून ‘जीझेडूम’वर तो विनासोंग धावतो. पुतण्याला हे ठाऊक होतं. काकाची गंमत बघत बसला, गुलाम!

पहाटे खेळ लागला. पहिल्याच खोलीत मेलो. पण अमरत्वाचा मंत्र, आयडीडीक्यूडी, बोटांना अजून तोंडपाठ आहे.