नारंगी गणवेश येईपर्यंत

डोंगर खचला, नदी फुगली, इमारत कोसळली की बातमीची पहिली ओळ ठरलेली असते. ‘एनडीआरएफची पथकं रवाना.’

रवाना झाली, हे सगळ्यांना कळतं. पोहोचली कधी, हे कोण विचारतं?

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातलं तळिये. भर पावसात दरड घरांवर आली. खाली सावित्रीला पूर, रस्ते पाण्यात, घाटात जागोजागी दरडी. पथकांना गावात पाऊल ठेवायला दुसरा दिवस उजाडला. तोवर चिखल उपसत होते गावातलेच वाचलेले आणि शेजारच्या वाड्यांतले लोक. ऐंशीहून अधिक माणसं गेली.

जवानांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना रस्ताच नव्हता. जाब विचारायचा तो असा आराखडा मंजूर करणाऱ्यांना, ज्यात मदतीचा पहिला माणूस घाट उतरून येतो.

आणि घाट पावसाळ्यात बंद पडतो, हे २०२१ सालीच कळलं का?

नारंगी गणवेशातल्या एनडीआरएफबद्दल, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाबद्दल, आधी नीट बोलू. अलीकडच्या काळात या देशाने ज्या मोजक्या चांगल्या यंत्रणा उभ्या केल्या, त्यांतली ही एक. ओडिशाचं १९९९ चं महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी, एवढे तडाखे खाल्ल्यावर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. २००६ मध्ये आठ बटालियन उभ्या राहिल्या. माणसं आली सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी यांच्याकडून.

आणि सुरुवातीला त्यांना जुंपलं कुठे? नेहमीच्या कायदा-सुव्यवस्थेच्या बंदोबस्ताला.

फेब्रुवारी २००८ मध्ये नियम झाले, तेव्हा कुठे हे दल फक्त आपत्तीसाठी राखलं गेलं. त्याच वर्षी बिहारमध्ये कोसीने बांध फोडून पात्र बदललं. या दलाने लाखावर माणसं पाण्यातून बाहेर काढली.

बंदोबस्तातून मोकळं केल्याबरोबर. त्याच वर्षी.

आज बटालियन सोळा आहेत. एकेका बटालियनचं मंजूर बळ ११४९. प्रत्येकीत पंचेचाळीस-पंचेचाळीस जणांची अठरा शोध-बचाव पथकं, आणि पथकात अभियंते, तंत्रज्ञ, वैद्यकीय मदतनीस, श्वान. २०२० मध्ये महाडला इमारत कोसळली, तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा तब्बल एकोणीस तासांनी जिवंत सापडला. २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानात जाऊन याच दलाने सहा वर्षांची मुलगी ढिगाऱ्यातून जिवंत काढली. हे नुसतं धाडसाचं काम नव्हे. कुठली तुळई कापायची, कुठल्या भिंतीला हातही लावायचा नाही, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात भिनतं.

आता गुणाकार करा. सोळा गुणिले ११४९. साडेअठरा हजारांच्या आत. देश एकशेचाळीस कोटींचा.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातली पाचवी बटालियन. मुक्काम तळेगावजवळचं सुदुंबरे. गोव्यालाही हाक तिथेच मारायची. पावसाळ्यात या बटालियनची पथकं आधीच कोकणात, कोल्हापूर-सांगलीत नेऊन ठेवतात. योग्यच करतात. पण बोटांवर मोजण्याइतक्या पथकांना अख्खी सह्याद्रीची रांग राखायला सांगायची, हे कुठल्या हिशेबात बसतं?

बरं, राज्याचं स्वतःचं दल? आहे ना. राज्य राखीव पोलीस दलातून उभं केलेलं. तळ दिले ते नागपूरला आणि धुळ्याला.

धुळ्याहून महाड चारशे किलोमीटरच्या पुढे. नागपूरहून चिपळूण आठशेच्या पुढे. विदर्भात पूर येतात, खानदेशातही येतात. तिथे दल हवंच. पण दरडी कोसळतात रायगड, रत्नागिरी, सातारा, पुण्याच्या पश्चिम पट्ट्यात. तिथलं काय?

केंद्राच्या कायद्यात राज्यांच्या या दलाला स्पष्ट जागा मिळायला २०२५ ची दुरुस्ती उजाडावी लागली. म्हणजे वीस वर्षं. तीसुद्धा राज्याला दल उभारण्याचा अधिकार देते, एवढंच. सक्ती करत नाही.

ज्या राज्याला करायचं होतं, त्याने दिल्लीची वाट पाहिली का?

ओडिशा बघा. १९९९ च्या २९ ऑक्टोबरला महाचक्रीवादळ आदळलं. सरकारी आकड्यांनुसारच दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. हे राज्य तेव्हा गरीब होतं, तिजोरीत खडखडाट होता. तरी त्याच वर्षाअखेर त्यांनी राज्याचं आपत्ती प्राधिकरण स्थापन केलं. देशाचा कायदा यायला अजून सहा वर्षं होती. २००१ मध्ये स्वतःचं जलद कृती दल उभं केलं. ओड्राफ त्याचं नाव. त्याच्या तुकड्या वाढत वाढत वीस झाल्या. या तुकड्या एका राजधानीत कोंबून ठेवल्या नाहीत. किनाऱ्यापासून कोरापुटच्या डोंगरांपर्यंत पसरून ठेवल्या.

आणि तिथे ते थांबले नाहीत. खरी गोष्ट पुढे आहे.

किनाऱ्यावर त्यांनी शेकडो चक्रीवादळ निवारे बांधले. खांबांवर उचललेल्या पक्क्या इमारती. एरवी त्यांतल्या कित्येकांत शाळा भरते, म्हणून इमारत पडीक राहत नाही. प्रत्येक निवाऱ्याला गावातल्याच लोकांची समिती. कुणी इशारा द्यायचा, कुणी म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणायचं, कुणी प्रथमोपचार बघायचे, हे आधीच ठरलेलं आणि सरावात घोटलेलं. २०२० मध्ये व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या त्यांच्या दोन किनारी गावांना युनेस्कोच्या महासागर आयोगाने ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली. गावांना दिली, मंत्रालयाला नव्हे.

फलित: २०१३ चं फायलिन. दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले, मृत्यू पन्नासच्या आत. २०१९ चं फनी. बारा लाख लोक हलवले, मृत्यू चौसष्ट. कुठे दहा हजार आणि कुठे चौसष्ट!

यात हेलिकॉप्टर किती होती, हे तुम्ही कधी ऐकलंत? मीही नाही. वादळ येण्याआधी माणूस निवाऱ्यात बसलेला असला की त्याला वरून दोर सोडावा लागत नाही.

महाराष्ट्र काही झोपलेला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं, हजारोंचे संसार दगडमातीखाली गेले. त्यानंतर जिल्हावार आपत्ती आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभारणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो. ओडिशाच्याही आधी जागे झालो.

मग मागे कसे पडलो?

कारण आपला आराखडा कलेक्टर कचेरीपर्यंत उतरला आणि तिथेच बसला. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. त्यांच्याकडे आणखी शंभर समित्या. प्रत्यक्ष काम पाहणारा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी अनेक जिल्ह्यांत कंत्राटी. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, ‘सतर्क राहा’ अशा सूचना निघतात, फोटो छापून येतो. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्या हातात त्यानंतर काय पडतं? दोर पडतो का? टॉर्च? रेनकोट तरी?

नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. तुमच्या घरात किती जणांना पाठ आहे?

रायगडातल्या इर्शाळवाडीचं उदाहरण घ्या. १९ जुलै २०२३ ची रात्र. वाडीवर दरड आली. तिथे जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्र वर चढवता येईना, म्हणून एनडीआरएफच्या जवानांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. चढ चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसं मातीतच राहिली.

आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं.

नऊ वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला, माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं. गाव गेल्याची खबर बाहेर आली ती एसटीच्या चालकामुळे, कारण रोजचा थांबा त्याला दिसेना. माळीणनंतर जवळपास नऊ वर्षं मिळाली होती. यादी पुरी करायला किती लागतात?

पहिल्या काही तासांत जीव वाचवतं कोण, याचं उत्तर जगाला ठाऊक आहे. जपानात १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्यांपैकी अंदाजे तीन चतुर्थांश माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढली. जपानसारखा देश, तिथेही. त्या देशात आज सात लाखांच्या घरात अर्धवेळ अग्निशामक आहेत. दुकानदार, शेतकरी, कारकून. त्यांना मानधन आहे, गणवेश आहे, कामावर जखमी झाले तर भरपाई आहे. १ सप्टेंबरला देशभर सराव होतो, कारण १९२३ मध्ये त्याच तारखेला टोकियो जळलं होतं.

आपल्याकडे माणसं नाहीत का? आहेत की! २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत गेली, तेव्हा दोर लावून खाली उतरले महाबळेश्वरचे ट्रेकर. त्याच वर्षी केरळच्या महापुरात कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून पुरात नेल्या आणि हजारो माणसं वाचवली. कोल्हापुरात पूर आला की व्हाइट आर्मीचे स्वयंसेवक पाण्यात असतात. डोंगर चढणारा, पाणी ओळखणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे.

संकट आलं की त्याला फोन जातो. संकट सरलं की शाल-श्रीफळ. मधल्या काळात त्याचा विमा कोण भरतं, दोर कोण बदलतं?

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना याच विचारातून आली. विचार उत्तम. साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक, बारा दिवसांचं प्रशिक्षण, हातात किट. भागून पाहा, जिल्ह्याला तीनशेसुद्धा येत नाहीत. एकट्या रायगडात गावं हजाराच्या वर आहेत. शिवाय बारा दिवसांत शिकलेला दोर दोन पावसाळे हातात धरला नाही, तर गाठ विसरायला होतं. उजळणी कुठे आहे?

अग्निशमन दलाचं दुखणं आणखी जुनं. ते पालिकांचं खातं. ज्या गावाला पालिका नाही, त्याने जवळच्या शहराकडे किंवा एमआयडीसीच्या बंबाकडे डोळे लावायचे. तोवर आग थांबते का?

पैसा नाही, असं कुणी सांगू नये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीला १ लाख ६० हजार कोटींहून अधिक रक्कम दिली. त्यात तयारी आणि क्षमतावाढ यासाठी किती टक्के? दहा. मदत आणि पुनर्उभारणीला सत्तर. आणि संकटाची धार कमी करण्यासाठी वेगळा राष्ट्रीय निधी असावा, असं २००५ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. तो स्थापन झाला २०२१ मध्ये.

सोळा वर्षं कलम छापील होतं, खातं रिकामं.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णेच्या पुराने गावाला वेढा घातलेला. होडी आली, गावचीच होती. पुढची फेरी होईल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली. होडी उलटली. डझनाहून अधिक जीव गेले, त्यात बायका होत्या, मुलं होती. सुटकेच्या वाटेवर बुडाली ही माणसं.

होडी होती. ‘एवढेच बसा, बाकीचे थांबा, मी परत येतो’ असं अधिकाराने सांगणारा, आणि ज्याच्या शब्दावर गाव थांबेल असा प्रशिक्षित माणूस हवा होता. दोन होड्या जास्त हव्या होत्या. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं होतं. याला किती कोटी लागतात?

७ मे २०२५ ला देशातल्या २४४ जिल्ह्यांत युद्धसज्जतेचा नागरी सराव झाला. भोंगे वाजले, दिवे मालवले, शाळेतली मुलं बाकाखाली बसली. दोन दिवसांत आदेश फिरले आणि झालंही सगळं. म्हणजे आपल्याला जमतं.

युद्ध कधी होईल सांगता येत नाही. पाऊस ७ जूनच्या आसपास येतो, हे शाळकरी पोरही सांगेल. मग दर मे महिन्यात कोकणच्या आणि कृष्णाकाठच्या गावागावांत असा सराव का होत नाही?

एनडीआरएफच्या बटालियन वाढवा, जरूर वाढवा. राज्याच्या दलाचा एक पक्का तळ कोकणात द्या, एक कृष्णेच्या खोऱ्यात. पण त्याआधी प्रत्येक दरडप्रवण आणि पूरप्रवण गावात दहा माणसं निवडा. त्यांना शिकवा, दरवर्षी उजळणी घ्या, मानधन द्या, विमा उतरवा, साहित्य गावातच ठेवा. नारंगी गणवेश पोहोचेपर्यंतचे तास या दहाजणांचे असतात.

१ मे ला तुमच्या गावात ग्रामसभा असते. हात वर करा आणि विचारा: आपलं गाव यादीत आहे का? रात्री दोन वाजता डोंगर आला तर पहिल्या सहा तासांत कोण धावणार? त्यांची नावं सांगा. दोर, होडी, जॅकेट कुठल्या खोलीत आहे आणि किल्ली कुणाकडे? उत्तर मिळालं नाही तर प्रश्न ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत तहसीलदारांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.