टेस्टरवाले अण्णा

पौषातली सकाळ. बिदरच्या पठारावर थंडीत पारा कधी कधी दहाच्याही खाली जातो, आणि मुडबी गावातला गिझर बिघडायला नेमका तोच मुहूर्त काढतो. मग शेजारच्या दारात हाक जाते, "अण्णा हायेत का?"

अण्णांनी आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही. खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, एवढीच पदवी. घरात मराठी, वायरमनशी कन्नड, सामानाच्या दुकानात दखनी. थर्मोस्टॅटला शिव्या मात्र तिन्ही भाषांत. बसवकल्याण तालुक्यात गल्लीगणिक असा एखादा अण्णा निघतो.

आल्या आल्या ते गिझरला कान लावतात. "खदखद ऐकू यायलीय न्हवं? कॉइलवर क्षार बसलाय." निदान बहुधा बरोबर असतं. बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातला क्षार कॉइलवर थर धरतो. मग कॉइल आतल्या आत भाजते, पाणी कोमटच राहतं, आणि एक दिवस कॉइलच जाते. अण्णा ती उतरवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवतात आणि वैनींना बजावतात, "लोणच्यागत मुरू द्या."

त्यांचा दबदबा मात्र एका बटणावर उभा आहे. पाणी भलतंच तापलं की थर्मल कटआउट वीज तोडतो. बऱ्याच गिझरांत ती पुन्हा जोडायचं बारकं बटण झाकणाखाली असतं. "मागं सरा, करंट हाय!" म्हणत अण्णा सगळ्यांकडे पाठ करतात, क्षणभर डोळे मिटतात, आणि लाल दिवा लागतो. कटआउट परत परत पडत असेल तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा, हे ते सांगतात; पण दुसऱ्या चहानंतर.

एकाच गोष्टीवर ते खरे भडकतात. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली असते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर गेलं की जवळजवळ पाव लिटरनं फुगतं. मागं वरच्या टाकीकडं जायची वाट बंद असली तर ते ठिबकणारच. "न्हाणीत बॉम्ब टांगलाव का रे?" असं विचारून अण्णा खुंटी उपटतात, आणि ती पुरावा म्हणून खिशात घालतात.

२०२३ पासून त्यांना हिशेबनिसाचंही काम लागलं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत वीज फुकट, पण तीही २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून. वरचं पैसे भरून, आणि २०० ओलांडले तर अख्खं बिल. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासाला एक युनिट खातो. त्यामुळे जावई आठवडाभर राहिले की अण्णा मीटरपाशी उभे राहून त्यांच्या आंघोळी मोजतात. जावयांना हे आवडत नाही.

फी कुणी विचारली तर ते रागावतात, आणि न्याहारीला थांबतात.

एकच शल्य त्यांना आहे. बऱ्याच गिझरांच्या टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. ती संपली तरी पाणी गरमच येतं, म्हणून तिच्यासाठी अण्णांना कुणी बोलावत नाही. बोलावतात ते टाकीच गळायला लागल्यावर, आणि तेव्हा बटण दाबून भागत नाही.

तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ती दांडी वर्षातून एकदा काढून बघायला सांगा. झाकण उघडण्याआधी मेन स्विच पाडा, आणि अर्थिंग तपासून घ्या. अण्णा टेस्टरच्या भरवशावर हात घालतात. तुम्ही घालू नका.